बायबलचा अर्थ लावायचा कुणी?

नगर जिल्ह्यातल्या जुन्या प्रॉटेस्टंट घरात पवित्र शास्त्र रोजच्या हाताळणीत असतं. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, समासात पेन्सिलीच्या खुणा, पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्म-मृत्यूच्या तारखा. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला कुणीतरी अध्याय वाचतं आणि घरातली वडीलधारी बाई त्यावर चार वाक्यं बोलते. त्यासाठी पाळकसाहेबांना आधी विचारावं असं तिच्या मनातही येत नाही. वसईच्या कॅथलिक घरात, निदान मागच्या पिढ्यांमध्ये, संध्याकाळ रोजरीची असायची. बायबल कानावर पडायचं ते मिस्साच्या वेळी, आणि त्याचा अर्थ सांगायचे ते फादर. दोन्ही घरं मराठी, दोन्ही ख्रिस्ती, आणि ग्रंथही एकच. अर्थात एकच म्हणताना जरा थांबावं लागतं, कारण प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आहेत आणि कॅथलिक बायबलात ७३.

या दोन सवयींमागे फार जुना वाद आहे. ग्रंथ देवाचा, हे दोघांनाही मान्य. पण देव त्यातून काय म्हणतो हे ठरवायचं कुणी? ज्याच्या हातात पुस्तक आहे त्याने, प्रार्थना करून आणि आपल्या विवेकाला स्मरून? की दोन हजार वर्षं तो ग्रंथ सांभाळत आलेल्या ख्रिस्तसभेने? या वादापायी माणसं जाळली गेली, बुडवली गेली, देश फाटले. माझं मत आधीच नोंदवून ठेवायला हवं. ‘एकटा वाचक की संस्था’ अशी मांडणी केली की हा प्रश्न सुटत नाही. इतिहासात तो तसा कधी सुटलेलाही नाही. अर्थ कुणी लावला याबरोबरच तो कुणाच्या अंगावर पडला, आणि त्या माणसाला तोंड उघडायला जागा होती का, हे विचारत गेलं तर मात्र पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात.

चर्चची बाजू आधी घ्यावी, कारण आजच्या वाचकाला ती कमकुवत वाटते आणि ती तशी नाही. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये गाझाच्या वाटेवरचा एक प्रसंग आहे. कूशी राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतोय. फिलिप्प त्याला विचारतो की वाचताय ते समजतंय का, आणि तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याखेरीज कसं समजणार? चर्चला आपलं काम त्या खजिनदाराच्या उत्तरात दिसतं. शिवाय ग्रंथ आधी आणि चर्च नंतर असा क्रम नव्हताच. पौलाची पत्रं चालत्याबोलत्या मंडळ्यांना लिहिलेली आहेत. नव्या करारात कोणती पुस्तकं घ्यायची यावर कित्येक पिढ्या चर्चा चालली. आज आपल्या हातात असलेल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात पहिल्यांदा सापडते. म्हणजे ‘मी फक्त बायबल मानतो, चर्च मानत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या हातातलं बायबलही चर्चने निवडून दिलेलं असतं. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातल्या स्टीफन लँग्टनच्या नावावर आहे, वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये घातले, आणि भाषांतर तर कुणीतरी केलेलं असतंच. अगदी एकट्याने, दार लावून वाचलं तरी खोलीत ही सगळी माणसं हजर असतात.

दुसरा मुद्दा याहून कठीण. चौथ्या शतकात एरियस नावाच्या धर्मगुरूने पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही, असं शिकवायला सुरुवात केली. त्याने बायबल बाजूला ठेवलं नव्हतं. तो बायबलातलीच वचनं काढून दाखवत होता आणि ती खरोखरच तिथे होती. ३२५ मध्ये नायसिया इथे बिशप जमले तेव्हा त्यांना उत्तर देण्यासाठी बायबलात नसलेली संज्ञा मतांगिकारात घालावी लागली, कारण बायबलातल्या कुठल्याही शब्दाचा दोन्ही बाजू आपापल्या परीने अर्थ लावू शकत होत्या. ग्रंथ स्वतःहून भांडण मिटवत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. कॅथलिक आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची भूमिका या अनुभवातून आली आहे.

मग प्रॉटेस्टंट चळवळीची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरला काय म्हणायचं होतं? १५२० मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने रोमने आपल्याभोवती उभारलेल्या तीन भिंती सांगितल्या. बायबलचा अर्थ लावण्याचा अधिकार एकट्या पोपचा, ही त्यातली दुसरी भिंत. बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक माणूस याजक आहे, तर मग ग्रंथ समजण्याची ताकद त्यालाही आहे, हे ल्यूथरचं म्हणणं. पुढच्या वर्षी व्होर्म्सच्या सभेत सम्राटासमोर त्याने सांगितलं की पोप आणि धर्मपरिषदा चुकलेल्या आहेत. शास्त्रातून किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवून द्या, नाहीतर मी माघार घेणार नाही. नंतर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिलेला असताना त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर हातावेगळं केलं. सप्टेंबर १५२२ मध्ये ते छापून आलं आणि बाजारात पोचलं.

त्यानंतरची सात वर्षं या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाची आहेत. एरवी शतकं लागतील ते सगळं त्यात घडून गेलं.

१५२५ च्या मार्चमध्ये दक्षिण जर्मनीतल्या मेमिंगन गावी शेतकऱ्यांनी बारा मागण्यांचं पत्रक काढलं. पत्रकाचा मुख्य लेखक सेबास्टियन लोत्सर हा कातड्याचे कपडे शिवणारा कारागीर. मागण्या साध्या होत्या: आपला पाळक आपण निवडू, लाकूडफाटा आणि मासेमारीवरचे हक्क परत द्या, वेठबिगारी थांबवा. समासात मात्र बायबलचे संदर्भ रांगेने दिलेले होते. ख्रिस्ताने आपलं रक्त सांडून सगळ्यांना सोडवलं आहे, मग आम्ही कुणाची मालमत्ता कसे, असा त्यांचा सवाल. आणि शेवटच्या कलमात, यातली एखादी मागणी शास्त्राविरुद्ध आहे असं दाखवून दिलंत तर आम्ही ती सोडू, असं वचनही. व्होर्म्सला ल्यूथर जे बोलला होता तेच हे बोलणं, फक्त आता ते कुळं बोलत होती. ल्यूथरने आधी सरदारांनाही खडसावलं, पण बंड भडकल्यावर त्यांना शेतकऱ्यांची कत्तल करायला सांगणारी पुस्तिका लिहिली. हजारो माणसं मारली गेली. ल्यूथरच्या चरित्रातलं हे पान मला क्षमा करता येत नाही. मुक्ती आत्म्याची असते, जमिनीची नव्हे, असा अर्थ लावण्याचा त्याला हक्क होताच. पण ज्यांच्या पाठीवर तो अर्थ उमटणार होता त्यांना उलट बोलण्याचा हक्क त्याने तलवारीच्या हाती दिला.

त्याच वर्षी जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांचं वाचन सरळ होतं: नव्या करारात लोक आधी विश्वास ठेवतात, मग बाप्तिस्मा घेतात, तान्ह्या बाळाला विश्वास कसा ठेवता येईल? हे वाचन ते तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली याच्या शिकवणुकीतूनच शिकले होते. पण झुरिकची नगरपरिषद आणि झ्विंग्ली यांना ते पटलं नाही. ५ जानेवारी १५२७ रोजी त्यांच्यापैकी फेलिक्स मांत्सला हातपाय बांधून लिमात नदीत बुडवण्यात आलं. रोमपासून सुटून दहा वर्षंही झाली नव्हती, तोच नव्या चर्चलाही आपल्या वाचकाची भीती वाटू लागली.

आणि मग मारबुर्ग. ऑक्टोबर १५२९ मध्ये हेसेचा संस्थानिक फिलिप याने ल्यूथर आणि झ्विंग्लीला समोरासमोर बसवलं, कारण प्रॉटेस्टंट एक झाले नाहीत तर सम्राट त्यांना एकेक करून चिरडेल हे त्याला दिसत होतं. १५ मुद्द्यांपैकी १४ वर एकमत झालं. पंधरावा प्रभुभोजनाचा. येशूने भाकर हाती घेऊन ती आपलं शरीर असल्याचं म्हटलं, ते वाक्य ल्यूथरने आधीच खडूने टेबलावर लिहून ठेवलं होतं. लिहिलंय तसंच ते खरं, यावर तो हटून बसला. झ्विंग्लीने योहानाच्या सहाव्या अध्यायावर बोट ठेवलं. तिथे देह उपयोगाचा नसून आत्मा जीवन देतो असं म्हटलेलं आहे, म्हणजे ही भाषा चिन्हाची आहे. दोघेही जिवापाड प्रामाणिक, दोघांनाही ग्रीक येत होतं, आणि बायबल स्वतःच आपला अर्थ सांगतं यावर दोघांचाही विश्वास होता. पण खडूने लिहिलेल्या त्या एका ओळीवर ते एक होऊ शकले नाहीत. कॅथलिक लेखक मारबुर्गकडे पाचशे वर्षं बोट दाखवत आले आहेत, आणि त्याला प्रॉटेस्टंटांपाशी सोपं उत्तर नाही.

रोमचं औपचारिक उत्तर ट्रेंटच्या धर्मपरिषदेत आलं. ८ एप्रिल १५४६ च्या ठरावाने बजावलं की पवित्र मातेने, म्हणजे ख्रिस्तसभेने, जो अर्थ धरला आहे त्याविरुद्ध कुणी आपल्या बुद्धीने अर्थ लावू नये. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमांनुसार लोकभाषेतलं बायबल वाचायचं तर बिशपची किंवा धर्मन्यायाधीशाची लेखी परवानगी लागू लागली. मात्र कुलूप लावण्यात रोमच पुढे होतं अशी समजूत करून घेऊ नये. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पोपशी नातं तोडलं, प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवायला लावलं, आणि १५४३ मध्ये कायदा करून कारागीर, शिकाऊ कामगार, नोकरचाकर, शेतकरी, मजूर आणि सामान्य घरातल्या स्त्रिया यांना ते वाचायला बंदी केली. उच्चकुलीन स्त्रियांना मुभा होती, पण स्वतःपुरती, एकांतात. त्या यादीत कोण आहे ते पाहावं. धर्मशास्त्र चुकेल ही भीती असती तर यादी विद्वानांपासून सुरू झाली असती.

अर्थ अंगावर पडतो म्हणजे काय, याचा सगळ्यात उघडा पुरावा अमेरिका खंडात आहे. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. हे काम करणारी मंडळी आपल्या दृष्टीने परोपकारी होती. जुन्या करारातला बहुतेक भाग त्यांनी गाळला. निर्गमातली इस्राएलच्या सुटकेची कथाच त्यात नाही. मालकांच्या आज्ञा पाळण्याविषयीची वचनं मात्र जागच्या जागी आहेत. संस्थेने वाचकाला वाट दाखवायची म्हणजे कधी कधी असंही होतं.

पण एकट्याच्या वाचनाने तरी काय साधलं? अमेरिकेच्या दक्षिणेत मोकळेपणाने, कुठल्याही पोपविना, प्रत्येक जण आपापलं बायबल वाचत होता, आणि गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्यांपाशी वचनांची कमतरता नव्हती. अब्राहामाकडे दास होते, पौलाने दासांना आज्ञाधारक राहायला सांगितलं. उत्तरेकडचे विरोधक सगळ्या ग्रंथाच्या रोखावरून बोलत, आणि एकेका वचनावर बोट ठेवून वाद घालायचा तर त्यात ते मागे पडत. हा पेच धर्मशास्त्राने सोडवला नाही, शेवटी युद्धाने सोडवला, असं इतिहासकार मार्क नोल यांनी दाखवून दिलं आहे आणि ते मला मान्य आहे. स्वतंत्र वाचकांचा देश असूनही बहुसंख्य वाचक आपल्या सोयीचंच वाचत राहिले.

ज्यांना सोय नव्हती त्यांनी काय वाचलं? अमेरिकन धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात आजीची आठवण लिहिली आहे. आजी गुलामगिरीत जन्मलेली, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून लहानगा हॉवर्ड तिला बायबल वाचून दाखवी. स्तोत्रं चालत, यशया चालायचा, शुभवर्तमानं तर पुन्हा पुन्हा. पौलाची पत्रं मात्र तिने कधी वाचू दिली नाहीत. फार तर करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रीतीचा तेरावा अध्याय, तोही अधूनमधून. कॉलेजात गेल्यावर त्याने धीर करून कारण विचारलं. तिने सांगितलं की मळ्यावर मालकाचा गोरा उपदेशक यायचा आणि वर्षातून तीन-चार वेळा तरी पौलाच्या त्या वचनांवर बोलायचा: दासांनो, मालकाचं ऐका. तेव्हाच तिने देवापाशी ठरवलं होतं, कधी वाचायला शिकले आणि सुटका झाली तर तो भाग वाचणार नाही. या अक्षरशून्य बाईने कुणाच्या परवानगीशिवाय बायबलातला एक थर बाजूला ठेवला आणि प्रीतीचा अध्याय तेवढा राखला. योग्य अर्थ कशाला म्हणावं, हे मारबुर्गला जमलेल्या पंडितांपेक्षा तिला जास्त कळलं होतं असं मी म्हणेन. गंमत अशी की चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने बायबल कसं वाचावं याविषयी लिहिताना हीच कसोटी सांगितली आहे: ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला ग्रंथ समजलेला नाही. म्हणजे चर्चच्या जुन्या स्मरणात तिच्या बाजूचा साक्षीदार होता. मळ्यावरच्या उपदेशकाने तो तिच्यापर्यंत पोचू दिला नाही.

निव्वळ एकट्याच्या वाचनाचं काय होतं त्याचंही एक उदाहरण त्याच देशातलं. न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर हा शेतकरी. भाष्यं, टीका, सगळं बाजूला ठेवून त्याने केवळ बायबल आणि शब्दसूची समोर घेतली आणि दानीएलच्या पुस्तकातल्या दिवसांचा हिशेब मांडला. येशूच्या पुनरागमनाची तारीख त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ठरवली. काहींनी शेतातलं पीक काढलं नाही. तो दिवस गेला, रात्र गेली, काही घडलं नाही. त्या निराशेतून सावरलेल्यांनी जे पंथ उभे केले त्यांतला सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पुढे जगभर पसरला; पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच. ॲडव्हेंटिस्ट विचारांचा संस्कार घेऊन पिट्सबर्गच्या चार्ल्स रसेलने १८७० च्या दशकात बायबल-अभ्यासाचा छोटा वर्ग सुरू केला, त्यातून पुढे यहोवाचे साक्षीदार आले. त्यांच्यात आज मध्यवर्ती मंडळ सांगेल तो अर्थ सगळ्यांनी मानायचा असतो. चर्चला नकार देऊन सुरू झालेलं एकट्याचं वाचन पन्नास-शंभर वर्षांत जुन्या चर्चपेक्षाही घट्ट संस्था उभी करतं, हे वारंवार घडलेलं दिसतं. मुद्दा असा की पहिल्या वाचकाला जो हक्क हवा होता, तो त्याच्यामागून येणाऱ्यांना मिळत नाही.

मराठीत हा प्रश्न कधी आला? १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलेलं फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. लोकभाषेतल्या बायबलवर रोमचा पहारा असताना या इंग्रज जेझुइटाने जवळपास अकरा हजार ओव्यांत उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा मराठीत सांगितली. ग्रंथ हाती द्यायचा नाही, पण पुराण म्हणून ऐकवायचा, असा तो मार्ग. प्रत्यक्ष नवा करार मराठीत आला तो १८११ मध्ये, विल्यम कॅरीच्या सेरामपूरच्या छापखान्यातून. त्यानंतर अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत भाषांतरं आणि छपाई चालवली, आणि मराठी माणसाला बायबल स्वतः वाचता येऊ लागलं. वाचता येऊ लागलं, पण मिशनच्या आवारात, मिशनच्या पगारावर, मिशनने शिकवलेल्या अर्थासह.

या आवारातून पहिली ठणठणीत हरकत घेतली ती पंडिता रमाबाईंनी. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. भागवत सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या कुटुंबात त्या वाढल्या. कलकत्त्याला पंडितांनी त्यांना स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर बोलायला सांगितलं, म्हणून त्यांनी ते मुळातून वाचलं, आणि स्त्रीच्या हीनपणाविषयी सगळ्या शास्त्रकारांचं एकमत पाहून त्या हादरल्या. ग्रंथ मुळातून वाचावा, मध्यस्थावर विसंबू नये, ही सवय घेऊनच त्या १८८३ मध्ये इंग्लंडला पोचल्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन मठात राहत असताना २९ सप्टेंबरला बाप्तिस्मा घेतला. लगेच कुरबुरी सुरू झाल्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटे की नव्याने आलेल्या मुलीने चर्च सांगेल ते आधी मानावं, समजेल नंतर. रमाबाई विचारत की त्रैक्याविषयी अथानासियसच्या नावावर चालणारा मतांगिकार बायबलात कुठे आहे? आपल्याला पटल्याखेरीज तो ओठांनी म्हणणं त्यांना खोटेपणा वाटे. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशीही त्यांचा यावर लांबलचक पत्रव्यवहार झाला. मुलग्यांना शिकवण्याचा त्यांचा बेत बिशपांनी हाणून पाडला तेव्हा त्या चिडल्या. मे १८८५ च्या एका पत्रात त्यांनी साफ लिहिलं की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता धर्मगुरूंकडून येईल ते देवाची आज्ञा मानून तसलंच दुसरं जू चढवून घेणार नाही.

त्या पत्रव्यवहारातला एक बारीकसा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. मठातल्या पद्धतीप्रमाणे गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी हरकत घेतली. लॅटिन मला समजत नाही, माझ्या देशातल्या बायांना समजत नाही, मग ती अक्षरं कशासाठी? लिहायचंच असेल तर संस्कृतात लिहा. पण तेही संस्कृत देववाणी म्हणून नव्हे, आपल्या देशाची जुनी सुंदर भाषा म्हणून, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं. जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. पत्रं वाचताना जेराल्डिन यांच्याविषयी मला वाईट वाटतं. त्यांची माया खरी होती, आणि एकट्या माणसाने वाटेल तसा अर्थ लावत सुटू नये ही त्यांची काळजीही खोटी नव्हती. रमाबाईंना स्वतःलाच पुढे जाणवलं की इतके पंथ, प्रत्येकाच्या हाती बायबल, आणि प्रत्येकाचं वेगळं म्हणणं. या गुंत्यात नवख्या माणसाने जायचं कुठे? १९०७ च्या आत्मकथनात त्यांनी ही तारांबळ मोकळेपणाने सांगितली आहे.

पण त्यांनी त्यावर काढलेला मार्ग मठात परतण्याचा नव्हता. केडगावला स्वतः उभारलेल्या मुक्ती सदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मराठी बायबलचं नवं भाषांतर हाती घेतलं, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा बोलीत. खिळे जुळवणं, छापणं, सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. त्यात दुष्काळातून आणलेल्या होत्या, बालविधवा होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल बाहेर पडलं. हेन्रीच्या १५४३ च्या कायद्यात वाचायला बंदी असलेल्यांची जी यादी होती, ती इथे छापखान्यात कामाला लागली होती. रमाबाईंचं वाचन व्यक्तिगत होतं, पण एकटीचं नव्हतं, आणि मला फरक करायचा आहे तो याच ठिकाणी. ज्यांच्यासाठी अर्थ लावायचा त्यांच्या सोबतीने त्या वाचत होत्या.

नारायण वामन टिळकांनी दुसऱ्या बाजूने तेच केलं. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मिशनच्या चाकरीत गेले, नगरला वर्षानुवर्षं राहिले, आणि १९१७ मध्ये पगार सोडून सातारला ‘देवाचा दरबार’ उभारू लागले. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या वाटेने आलो असं सांगणाऱ्या माणसाला बोस्टनहून आलेली चौकट अपुरी पडणारच होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार तिथेच थांबला. व्यक्तीचं वाचन व्यक्तीबरोबर संपू नये यासाठी संस्था लागते, ही गोष्ट टिळकांच्या चाहत्यांनीही मान्य केली पाहिजे.

विसाव्या शतकात दोन्ही बाजू हलल्या. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देववचनावरचा दस्तऐवज काढला. त्यात अर्थ सांगण्याचा अधिकार चर्चच्या अध्यापनाकडेच ठेवला आहे, पण ते अध्यापन देववचनाच्या वर नाही, त्याचं सेवक आहे, असं म्हटलं आहे. आणि सर्व श्रद्धावंतांसाठी बायबलची दारं सताड उघडी असावीत असंही. वसईत त्याचं फळ म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’. कॅथलिक धर्मगुरूने केलेलं हे भाषांतर प्रॉटेस्टंट घरांत आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांकडेही पोचलं. ट्रेंटनंतर चारशे वर्षांनी ज्या घरात रोजरी होते त्याच घरात बायबलही उघडलं जाऊ लागलं आहे.

आणि नागपूर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन होते, ज्यांच्याकडे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. आणि बॅप्टिस्ट होते, जे जाणत्या वयातल्या कबुलीवाचून देत नाहीत. कुणाचं वाचन बरोबर हे त्यांनी ठरवलं नाही. दोन्ही रीती मान्य केल्या, आणि कुटुंबाने विवेकाने निवडावं असं ठेवलं. लिमात नदीत ज्या प्रश्नावर माणूस बुडवला, तो नागपुरात एका कलमाने मिटला. आपल्याकडच्या लेखनात या घटनेचं महत्त्व पुरेसं ओळखलेलं नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आजचा प्रश्न मात्र पुन्हा वेगळ्या वळणावर आहे. बायबल मोबाइलवर फुकट मिळतं, बारा भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. शहरांच्या कडेला आणि खेड्यांत छोट्या फेलोशिप उभ्या राहतात, बऱ्याच ठिकाणी एका पास्टरच्या घरात. जुन्या चर्चमध्ये ज्यांना मागच्या बाकावर बसावं लागलं त्यांना तिथे नावाने हाक मारली जाते, उभं राहून साक्ष देता येते. हे मोठं काम आहे आणि जुन्या मंडळ्यांनी त्याचा हेवा करावा असं आहे. पण एकाच माणसाच्या हाती उपदेश, पैसा आणि अर्थ आले, आणि त्याच्या वर किंवा शेजारी प्रश्न विचारणारं कुणी नसलं, की आजारी माणसाला औषध सोडायला सांगणारं वाचनही तिथे चालून जातं. मोबाइलवर एकट्याने ऐकणाऱ्याला तर शेजारी बसून ‘हे काही पटत नाही’ म्हणणारी मावशीसुद्धा नसते. चर्चची जुनी समिती, वडीलमंडळ, पाळकाची बदली, बिशपची भेट, हे सगळं कंटाळवाणं असतं. पण त्यातून निदान कुणाला तरी जाब विचारता येतो.

जुन्या चर्चमध्ये तो जाब अजून कुणाला विचारता येत नाही, हे पाहायचं तर स्त्रियांविषयीच्या पौलाच्या वचनांकडे पाहावं. मंडळीत बायकांनी गप्प राहावं, या अर्थाच्या त्या ओळींचा अर्थ शतकानुशतकं केवळ पुरुषांनी लावला. पोप तेराव्या लिओ यांनी १९०२ मध्ये बायबल-अभ्यासासाठी नेमलेल्या आयोगात पहिल्यांदा स्त्रिया आल्या त्या २०१४ मध्ये, आणि २०२१ मध्ये नुरिया कालदुच-बेनाहेस त्याच्या सचिव झाल्या. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केलं. वसईच्या कुठल्याही धर्मग्रामात आज बायबल-वर्गाला बसलेल्यांत बायकाच जास्त असतात, मिस्सात पहिलं वाचन पुष्कळदा त्याच करतात. वाचून झालं की त्या खाली बसतात आणि त्यावर बोलायला फादर उठतात. त्या वाचनाचा अर्थ सांगायलाही त्यांनी तिथेच उभं राहावं, आणि तो अधिकार चर्चने त्यांना आता द्यावा.